विलायतेतला कडुनिंब

"देश कोणता?"

हा प्रश्न मी जितक्या माणसांना विचारला असेल, तितक्यांना विमानतळावरच्या साहेबानंही विचारला नसेल. मी वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. रिसोडला बाजाराच्या रस्त्यावर बांगड्यांच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला आमचा फोटो स्टुडिओ आहे आणि तिथं मी फोटो काढते. परदेशाशी माझा संबंध एवढाच. माझा स्वतःचा सर्वांत लांबचा प्रवास नागपूरपर्यंतचा, तोही नणंदेच्या लग्नाला.

लोकांना वाटतं, पासपोर्ट साइज फोटो म्हणजे पासपोर्ट साइज फोटो, त्यात काय विचारायचं? पण प्रत्येक देशाचा नखरा वेगळा. अमेरिकेला फोटो चौरस लागतो, बाकीच्यांना उभट. कुणाला मागं पांढराशुभ्र रंग हवा, कुणाला फिकट राखाडीही चालतो. चेहरा केवढा यावा, कपाळ किती दिसावं, याचीही मापं ठरलेली. चष्मा काढायचा, मान सरळ ठेवायची, आणि हसायचं तर मुळीच नाही. त्यामुळे गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी मला विचारावंच लागतं, देश कोणता?

इथं खरी गंमत होते. निम्म्या लोकांचं ठरलेलंच नसतं. घरी महिनाभर वाद झालेले असतात, मामा एक सांगतो, एजंट दुसरं सांगतो, आणि शेवटी "आधी फोटो त काढून ये" म्हणून पोराला माझ्याकडं पाठवतात. मी प्रश्न विचारला की ते पोरगं दाराकडं बघतं, छताकडं बघतं, मग मलाच विचारतं, "चाची, राहायले कोनता चांगला हाय?"

आता मी काय सांगू! पण इतकी वर्षं इतके चेहरे पाहून माझ्या मनात या देशांची चित्रं तयार झाली आहेत. कॅनडाला जाणारे ऐन मे महिन्यात स्वेटर घालून येतात. आईनं पेटीतून काढून दिलेला असतो. म्हणून माझ्यासाठी कॅनडा म्हणजे डांबरगोळ्यांचा वास. अमेरिका म्हणजे नातवंडं सांभाळायला निघालेले म्हातारे आईबाप, ताजी दाढी केलेले, नवीन नऊवारीला पिन लावलेले, भेदरलेले. ऑस्ट्रेलिया म्हणजे गॉगल काढायला तयार नसलेली पोरं. आणि इंग्लंड म्हणजे नर्सेस. शांत बसतात, मान सांगितली तेवढीच वळवतात, पहिल्या फोटोत काम होतं. दुपारी बाजार पेंगायला लागला, खालच्या रस्त्यावरचा जीपवाल्यांचा ओरडा थांबला की मी त्या रिकाम्या स्टुलाकडं बघत बसते आणि हे देश एकेक करून येऊन त्यावर बसून जातात.

एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. सोयाबीनचे एक अडते आपल्या पोराला घेऊन आले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "भाभी, असा फोटो काढा का सगळ्या देशात चालला पाह्यजे. मंग पाहू कोनता लागते तो." मी म्हटलं, असा फोटो निघत नाही. झालं, ते खुर्ची ओढून बसले आणि मूठभर सोयाबीन हातात घेऊन बघावं तसा एकेक देश पारखायला लागले. कॅनडात थंडी फार, अमुक सांगत होता. ऑस्ट्रेलियात म्हणे घरात साप निघतात. "साप त आपल्या इथीही निघतात, तिकडं कायले जा?" अमेरिकेत बंदुका. इंग्लंडमध्ये ऊन नाही, हळद वाळत नाही. बाजारातल्या प्रत्येकानं प्रत्येक देशाला नावं ठेवलेली. पोरगं बिचारं तोपर्यंत घामानं भिजलं. शेवटी हळूच म्हणालं, "बाबा, आयर्लंड?" अडते विचारात पडले. आयर्लंडबद्दल बाजारात कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे कुणाला नावं ठेवता आली नव्हती. "काढा," म्हणाले. पोरगं आज तिथंच आहे आणि सुखात आहे. देश निवडण्याची ही रीत मला अजूनही वाईट वाटत नाही.

आता आमच्या पडद्याबद्दल सांगते, कारण सगळी कहाणी त्याचीच आहे.

आमचे हे, म्हणजे युनूसभाई, मुळात पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. स्टुडिओ टाकला तेव्हा फोटोच्या मागं लावायला पडदे त्यांनी हातानंच रंगवले. त्या काळी मुली, बायका परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर मागं घ्यायला संकोचायच्या, आमच्या समाजातल्या तर जास्तच. म्हणून कॅमेरा माझ्या हाती आला. ह्यांनी देखावा करायचा आणि मी त्यात माणूस बसवायचा, अशी आमची वाटणी झाली.

सगळ्यांत मोठ्या पडद्याचं नाव विलायत. एका बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरून ह्यांनी तो उतरवला होता. निळं तळं, पलीकडं बर्फाचे डोंगर, काठावर लाल छपराचं पांढरं घर, पाण्यात एक होडी. घराच्या फाटकावर ह्यांनी आपल्या मनानं इंग्रजीत 'वेलकम' अशी पाटी लिहिली. तेवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं की हा देश इंग्रजी बोलणारा आहे. पण झाकणाचा डावा कोपरा गंजून गेलेला होता. तिथं काय असेल ते कळेना. ह्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं, मग मागची खिडकी उघडली आणि तेलघाण्याच्या अंगणातला कडुनिंब दिसला तो तसाच्या तसा तिथं रंगवला. झाडाखालची जमीनही आपली काळीच. बर्फाच्या डोंगरासमोर तो कडुनिंब इतका निवांत उभा होता की कुणाला खटकलाच नाही.

अर्ध्या तालुक्याचे फोटो त्या पडद्यासमोर निघाले. नवी जोडपी, बारशाची बाळं, लष्करात भरती झालेली पोरं. लोक फोटो काढून झाला तरी उठायचे नाहीत, मान वळवून त्या तळ्याकडं बघत बसायचे. कुणी ना कुणी विचारायचंच, "युनूसभाई, हा देश कोनता?"

हे ब्रश पुसत म्हणायचे, "ज्याले जो पाह्यजे तो."

जऊळक्याचे एक निवृत्त कंडक्टर अमेरिकेला पोराकडं निघाले होते. व्हिसाचा फोटो झाल्यावर कोट घालून बायकोसह विलायतसमोर उभे राहिले. म्हणाले, "तिकडं कोन आपला फोटो काढून देते? पोरगा दिवसभर कामावर." गेले, तीन महिन्यांत कंटाळून परत आले आणि तोच फोटो बैठकीत लावून टाकला. पाहुणे अमेरिका बघून जायचे. एक दिवस एका खवट मित्रानं विचारलं, "अमेरिकेत कडूलिंबाचं झाड कुठून आलं बे?" कंडक्टर क्षणभरही अडखळले नाहीत. "माया पोरानं लावलं."

मग मोबाईल आले. देखाव्यासमोर बसून फोटो काढून घ्यायची हौस संपली. पडदे गुंडाळले, उंदरांनी एक-दोन खाल्ले. एक विलायत तेवढा भिंतीवर राहिला, कारण काढायचं माझ्या जिवावर यायचं. धंद्यात उरले व्हिसाचे फोटो. त्यासाठी त्या पडद्यावरून पांढरी चादर सोडायची, फोटो काढायचा, चादर वर करायची. जे कुठंच जाणार नव्हते त्यांच्या मागं आम्ही डोंगर-तळी उभी केली आणि जे खरोखर निघाले त्यांच्या मागं पांढरी चादर. हे मला फार दिवस डाचत होतं.

त्याच सुमारास ह्यांची नजर गेली. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी रोज दहा वाजता जिना चढून येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतात.

एका दुपारी सविता राठोड आली. आमच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात ती नर्स होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची पोर, आश्रमशाळेत शिकलेली, वाशीमला नर्सिंग केलेली. तिच्याबरोबर तिची आई शांताबाई, काचा लावलेल्या ओढणीत, कपाळावर हिरवं गोंदण. सवितानं दोन वर्षं नोकरी करून परीक्षा दिल्या होत्या आणि दोन देशांनी तिला बोलावलं होतं, इंग्लंडनं आणि न्यूझीलंडनं. दोन दगडांवर पाय ठेवून चालणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत एका देशाचे कागद पुढं गेले की दुसऱ्याची जागा सुटणार होती.

"देश कोणता?" मी विचारलं.

शांताबाई म्हणाली, "भाभी, तेच त ठरून नाही राह्यलं. मले सांगा, कोनत्या देशात कोनी बिमार पडलं त शेजारपाजारचे येतात?"

"माय, मीच त नर्स हाय," सविता म्हणाली. "कोनी बिमार पडलं त मीच जाइन."

"अन तू पडली त?"

मी शहाण्या बाईसारखं सांगितलं की इंग्लंड बरं. तिथं तिच्या वसतिगृहातली एक मैत्रीण आधीच गेलेली होती, आपली माणसं होती, दुकानात जवारीचं पीठ मिळत होतं. न्यूझीलंडमध्ये ओळखीचं कुत्रंही नव्हतं. सविता मान हलवत होती, पण तिचं लक्ष माझ्या मागं होतं. चादर वर होती, विलायत दिसत होता.

ती उठली आणि पडद्याजवळ गेली. लाल छपराला तिनं बोट लावलं. "चाची, माया फोटो हाय या घराजोळ. मी पाच वर्साची होतो."

मग शांताबाईनं सांगितलं. ऊसतोडीहून तांडा परत येत होता. ट्रकचं चाक रिसोडात पंक्चर झालं. लोक चहा पीत बसले आणि शांताबाई पोरीला कडेवर घेऊन जिना चढून आमच्याकडं आली. पोरीचा एकही फोटो नव्हता म्हणून. "तुमच्या मालकानं तिले सांगतलं होतं, हे घर तुयंच हाय, मोठी झाली का जाजो. ते लेकरू तवापासून तेच धरून बसलं."

मला काही आठवेना. ह्यांनाही आठवलं नसेल, पण खुर्चीतून म्हणाले, "हो हो, सांगतलं होतं."

सवितानं मोबाईल काढला आणि न्यूझीलंडमधल्या त्या गावाचं चित्र मला दाखवलं. जिथं तिला नोकरी मिळत होती ते गाव. तळं होतं, पलीकडं बर्फाचे डोंगर होते, काठावर लाल छपरं होती. मी मोबाईल पडद्याशेजारी धरला. बिस्किटाच्या डब्याचं झाकण कुठल्या देशाचं होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण ती दोन चित्रं सख्ख्या बहिणींसारखी दिसत होती.

"मले याच देशात जायचं हाय," सविता म्हणाली आणि स्टुलावर येऊन बसली. मी चादर सोडली, फोटो काढला. पहिल्याच फोटोत काम झालं.

त्या गेल्यावर मी ह्यांच्यावर उखडले. "बिस्किटाच्या डब्यावरून कोणी देश निवडतं का? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"लोकं एजंटच्या सांगण्यावरून निवडतात," हे म्हणाले. "डबा बिचारा कमिशन त घेत नाही ना."

बोलायला ठीक होतं. पण पोरगी विमानात बसली तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. तिचं काही वाकडं झालं असतं तर ते आमच्या पडद्यामुळं झालं असतं.

सुरुवातीला सगळं गोडच होतं. ती गेली तेव्हा तिकडं उन्हाळा होता. पहिल्या सुट्टीत ती तळ्याकाठी गेली आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल मी बघत होते आणि ह्यांना सांगत होते. हे मुलाखत घेतल्यासारखे विचारत होते. छप्पर लालच आहे ना? होडी आहे का? डोंगराचं टोक तळ्यात उलटं पडतं का? "पडते, चाचा, अगदी तुमच्यासारखंच," ती म्हणाली. पुढं कितीतरी दिवस हे जिना चढून आल्यावर आधी पडद्याला हात लावायचे. न पाहिलेला देश आपल्या हातानं बरोबर निघाला, याचा आनंद त्यांच्या तोंडावरून ओसंडत होता. मलाही दुपारच्या डुलकीत त्या होडीत बसल्यासारखं वाटायचं. होडी हलायची, बाजारातला आवाज पाण्यावरून आल्यासारखा दुरून यायचा.

मग जून आला. आमचे सकाळचे अकरा वाजले होते. फोन आला आणि सविताच्या खिडकीत काळोख होता. तिकडं हिवाळा सुरू झाला होता.

"चाची, चुकलं का मायं?" तिनं एकदम विचारलं आणि रडायला लागली.

कुणी तिला त्रास देत नव्हतं. माणसं चांगली होती, दवाखाना चांगला होता. पण ड्युटीवर जाताना अंधार, येताना अंधार, आणि खोलीवर आलं की बोलायला भिंत. मध्ये तिला ताप आला, दोन दिवस अंथरुणावर होती, दारावर कुणी थाप मारली नाही. शांताबाईनं विचारलेला प्रश्न खरा होऊन तिच्यासमोर उभा राहिला होता. इंग्लंडमधल्या मैत्रिणीनं कळवलं होतं की तिच्या दवाखान्यात पुन्हा भरती आहे, महिन्याभरात कळव, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल, पण ये. सविताचं मन तिकडं निघालं होतं. दोन वर्षांची मेहनत गुंडाळून ती तिसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायला तयार झाली होती.

मी म्हणणार होते, जा बाई, मी आधीच सांगितलं होतं. तेवढ्यात हे खुर्चीतून म्हणाले, "बेटी, तळं हाय ना?"

"हाय, चाचा."

"घर हाय? डोंगर हाय?"

"सगळं हाय. झाड नाही तेवढं."

"कोनतं झाड?"

"डाव्या हातचं. लिंबाचं. तिथी नुसती मोकळी जागा हाय. रोज बसमधून मी तेवढंच पाहतो."

फोन ठेवल्यावर हे बोटं मोजल्यासारखी एकमेकांवर घासत राहिले.

मी शांताबाईला सगळं कळवलं, लिंबाच्या झाडाचंही. ती दुसऱ्या दिवशीच एसटीनं आली, ओढणीच्या गाठीत निंबोळ्या बांधून. पोरीला पाठवायच्या, ती तिथं लावील. मी चौकशी केली तर कळलं की त्या देशात बी, पाला, माती काहीच आत जाऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. शांताबाई खवळली. "लिंबाच्या पाल्यानं आजवर कोनाचं काय बिघडलं, भाभी? अंगाले खाज आली त लोकं शोधत येतात." मग गाठ सोडली, निंबोळ्या टेबलावर ओतल्या आणि तिथंच बसून रडली. "मीच पाठवलं तिले. मीच म्हटलं होतं, तुया मनाचा देश घे."

"रुखसाना," हे म्हणाले, "कैची आन."

मला वाटलं, निंबोळ्यांची पिशवी शिवायची असेल. कैची दिली तर हे उठले, भिंत चाचपत पडद्यापाशी गेले आणि डाव्या कोपऱ्यावर हात फिरवायला लागले. पानं रंगवताना ह्यांनी रंग दाट लावला होता, तो बोटांना लागत होता. "इथून," म्हणाले, "अन इथपर्यंत. खालची माती पकडून."

मी कैची हातातून काढून घेतली. मला खरंच राग आला होता. ज्या पडद्यानं आमची पोटं भरली, ज्याच्यासमोर अख्ख्या गावाच्या लग्नाचे फोटो निघाले, तो कापायचा? डोळे गेल्यावर ह्यांच्या हातचं असं शिल्लक तरी काय होतं? मी हे सगळं शांताबाईसमोरच बोलले.

"अवं, मले तसाही दिसत नाही तो," हे म्हणाले. "जिले दिसते तिले देऊ."

शांताबाईनं पडदा ताणून धरला. मी कापला. जुनं जाड कापड होतं, रंगानं आणखी कडक झालेलं, कैची पुढं जायला तयार नव्हती. झाड सुटून माझ्या हातात आलं आणि पडद्यात एक चौकट उघडी पडली. तिच्यातून मागची चुन्याची भिंत दिसत होती. मी पुष्कळ फोटो फाडले आहेत आयुष्यात, पण इतकं जिवावर कधी आलं नव्हतं.

पार्सलवर मी 'कापडावरचं चित्र' असं लिहिलं आणि आम्ही ते पोस्टानं पाठवलं.

मग एक दिवस सविताचा फोटो आला. तिनं ते झाड खोलीच्या खिडकीच्या डाव्या बाजूला भिंतीवर लावलं होतं. खिडकीतून तळं, डोंगर, आणि ह्या बाजूला आपला कडुनिंब, खाली काळी माती. तिथं राहणारी एक म्हातारी शेजारीण ते झाड बघायला म्हणून आत आली, कोणतं झाड आहे विचारायला लागली, आणि सवितानं तिला चहा करून पाजला. पहिल्यांदाच कुणी तिच्या खोलीत बसून चहा प्यायलं होतं. आता ती म्हातारी दर रविवारी येते. सविताला सर्दी झाली तरी दारावर थाप मारते. इंग्लंडला सवितानं काही कळवलं नाही.

आमच्याकडं तो पडदा तसाच लटकला आहे. कोपरा गेलेला पडदा ठेवू नये, अपशकुन असतो, असं दोघा-तिघांनी सांगून पाहिलं. पण माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या चौकटीतली चुन्याची भिंत व्हिसाच्या फोटोला अगदी बरोबर बसते. आता चादर सोडावी लागत नाही. मी स्टूलच तिथं सरकवलं. जो येतो तो झाडाच्या रिकाम्या जागी बसतो. फोटोत डोक्यामागं नुसतं पांढरं येतं. कॅमेऱ्याच्या अलीकडून मला मात्र त्याच्या खांद्याशेजारी तळं दिसत असतं.

परवा, दिवाळीच्या फराळाच्या घाईत, शांताबाई आली. पोरीनं बोलावलंय, सहा महिन्यांसाठी. बोलावणं आलं तेव्हापासून तांड्यावरचे लोक तिला भेटून जातायत, असं सांगताना ती लाजत होती. मी तिला स्टुलावर बसवलं, ओढणी कपाळावरून मागं घेतली. तिनं गोंदणाला हात लावला. "हे पुसून टाकसान ना? फोटोत लोकं गोरं करतात म्हने."

"लग्नाच्या फोटोत करतो," मी म्हटलं. "व्हिसाच्या फोटोत जसं माणूस तसंच लागतं. गोंदण राहू द्या."

"अन मागं काय येइन?"

"काही नाही, मावशी. पांढरं."

ती मागं वळून चौकटीकडं बघत राहिली, मग सरळ बसली आणि हसायला लागली. मी सांगितलं, हसू नका, तिकडं हसलेलं चालत नाही. तिनं ओठ मिटले, तरी डोळे ऐकेनात. कोपऱ्यातून हे म्हणाले, "असू दे थोडं." मी कॅमेरा डोळ्याला लावला. उत्तर मला ठाऊक होतं, मापही आधीच लावून ठेवलं होतं, तरी इतक्या वर्षांची सवय तोंडातून निघालीच.

"देश कोणता?"

"तुमचं झाड गेलं तो."